अ‍ॅम्पला चौरंग दिला की आवाज का बदलतो?

गिटारचा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवला की बास उतरतो, हे मुंबईतल्या कुठल्याही जॅम रूममध्ये ऐकायला मिळतं. कारण विचारा, उत्तर ठरलेलं: ‘खोक्याचं कंपन जमिनीत उतरत नाही ना आता!’ निरीक्षण बरोबर, कारण बहुतेक वेळा चूक. टाइल्स बसवलेल्या काँक्रीटच्या स्लॅबला पंधरा-वीस किलोचा कॉम्बो अ‍ॅम्प (स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच खोक्यात) हलवून हलवून किती हलवणार?

पडताळा घरी करता येतो. अ‍ॅम्प जागचा न हलवता त्याच्या चारही पायांखाली १ सेंटीमीटर जाडीचे मऊ रबराचे तुकडे सरकवा. कंपनाची वाट अडली, उंची मात्र जवळपास तीच. बास तसाच राहिला, तर समजा की जमीन थरथरत नव्हती, आरशाचं काम करत होती.

आता त्या आरशाकडे बघू. स्पीकरचा आवाज कानापर्यंत दोन वाटांनी येतो: एक सरळ, दुसरी जमिनीवर आपटून. दुसरी वाट लांबची, म्हणून तो आवाज किंचित उशिरा पोचतो. वाटांच्या लांबीतला हा फरक तरंगलांबीच्या, म्हणजे लाटेच्या एका चढापासून पुढच्या चढापर्यंतच्या अंतराच्या, मानाने क्षुल्लक असेल तर दोन्ही लाटा एकमेकींना साथ देतात. फरक नेमका अर्ध्या तरंगलांबीइतका झाला की एकीचा चढ दुसरीच्या उतारावर पडतो आणि तो सूर दबतो.

आकडे घालून पाहू. तुम्ही २ मीटरवर उभे आहात, कान १.६ मीटर उंचीवर. अ‍ॅम्प जमिनीवर असताना स्पीकरचा मध्य साधारण २५ सेंटीमीटरवर असतो. दोन वाटांतला फरक ३१ सेंटीमीटर येतो. मुंबईच्या ३० अंशांच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर, म्हणजे पहिला खड्डा, जिथे सूर सर्वांत जास्त दबतो, ५६० हर्ट्झला. आता तोच अ‍ॅम्प ४५ सेंटीमीटरच्या स्टुलावर चढवा. फरक ८६ सेंटीमीटर होतो आणि खड्डा घसरून २०४ हर्ट्झवर येतो. गिटारची मोकळी ‘जी’ (G) तार १९६ हर्ट्झची, जवळजवळ त्याच खड्ड्यात! फक्त जमिनीचा हिशेब धरला तर २०० हर्ट्झच्या आसपास दोन उंचींत सुमारे १५ डेसिबलचा फरक निघतो. उलट सर्वांत खालच्या सुराच्या ‘ई’ (E) तारेला, ८२ हर्ट्झला, दोन डेसिबलही जात नाहीत. आपण ज्याला ‘बास गेला’ म्हणतो तो खरं तर बासच्या वरचा, घुमणारा भाग गेलेला असतो. एक मीटर मागे सरका, खड्डा २७० हर्ट्झकडे जाईल. प्रत्यक्ष खोलीत भिंती आणि छत आपापले परतीचे आवाज ओततात, त्यामुळे खड्डे इतके खोल उरत नाहीत, पण असतात.

खाली गालिचा टाकून हे सुटत नाही. २०० हर्ट्झची पाव तरंगलांबी ४४ सेंटीमीटर. सेंटीमीटरभर जाडीच्या गालिच्याला ती लाट जुमानत नाही. मरतो तो फक्त ट्रेबल.

ट्रेबलचं गणित वेगळं आहे. ३ किलोहर्ट्झची तरंगलांबी १२ सेंटीमीटरपेक्षा कमी, तर स्पीकरचा कोन (आवाज काढणारा शंकूसारखा पडदा) १२ इंची. त्यामुळे वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात, म्हणजे जमिनीवरच्या अ‍ॅम्पमधून थेट तुमच्या गुडघ्यांवर. आपल्याला ऐकू येत नाही म्हणून गिटारवाला ट्रेबल वाढवतो आणि झोताच्या रेषेत खाली बसलेल्यांचे कान किटतात. म्हणून अ‍ॅम्प उचलल्यावर आधी ट्रेबल कमी करा, मग गरज वाटली तर बास एखादी खूण वाढवा. बास गमवायचाच नसेल तर उचलू नका, नुसता मागे कलता करा.

लाकडी जमिनीची गोष्ट निराळी. गिरगावातल्या जुन्या चाळीतली फळ्यांची जमीन किंवा गणेशोत्सवातलं फळ्यांचं स्टेज ढोलाच्या पानासारखं खरंच वाजतं. तिथे खाली फोम हवा, पण वजनाला जुळणारा. अ‍ॅम्पच्या भाराने तो काही मिलिमीटर दबला पाहिजे. अजिबात दबला नाही किंवा पार चेपला, तर कंपन आरपार जातं. ५ मिलिमीटर दबणाऱ्या आदर्श स्प्रिंगची स्वतःची वारंवारता ७ हर्ट्झच्या आसपास असते. खऱ्या फोमची थोडी जास्त, तरी ८२ हर्ट्झ अडवायला पुरेशी कमी.

अ‍ॅम्प आग्नेय कोपऱ्यात ठेवावा असं सांगणारेही भेटतात. कोपऱ्यात बास फुगतो हे खरं, पण तो दोन भिंती आणि जमीन मिळून फुगवतात. नैर्ऋत्येलाही तितकाच फुगेल.

स्टूल जड आणि न डुगडुगणारं घ्या. प्लॅस्टिकची खुर्ची लवते आणि खडखडते. पोकळ पेटी स्वतःच वाजू लागते. चौरंग चालतो, फक्त उंची कमी मिळते. चार स्पीकरचा मोठा कॅब (स्पीकरचं वेगळं खोकं) मुळातच सुमारे अडीच फुटांचा. त्याचे वरचे दोन स्पीकर आधीच उंचावर असतात.

आणि कोनपासून ५ सेंटीमीटरवर माइक लावला असेल, तर त्याच्यापर्यंत जमिनीवरून येणारी वाट सुमारे दहापट लांब, म्हणजे आवाज २० डेसिबलने क्षीण. शिवाजी मंदिरात मागच्या रांगेला पीए म्हणजे सभागृहाच्या ध्वनियंत्रणेतून जे ऐकू येतं, त्यात स्टुलाने काही फरक पडत नाही. फळ्यांवर उभ्या माइक स्टँडमधून चढणारी गुरगुर तेवढी मिक्सरवर ८० हर्ट्झखाली कापा.