पॅप चाचणी : पेशी वेचण्याच्या साधनांचा इतिहास

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी सुधारायची, असा प्रकल्प अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी हाती घेतला की पहिला विचार बहुधा सूक्ष्मदर्शकाचा किंवा संगणकाचा येतो. या तपासणीतली पॅप चाचणी म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. तिच्या इतिहासात मात्र मोठी पावले पडली ती पेशी वेचण्याच्या साध्यासुध्या साधनांमुळे.

ज्यांच्या नावावरून ‘पॅप’ हे नाव पडले ते डॉक्टर जॉर्ज पापानिकोलाऊ १९१३ मध्ये ग्रीसहून न्यूयॉर्कला आले. गिनीपिगचे बीजांड कधी सुटते हे त्यांना प्राण्याला न मारता समजून घ्यायचे होते. त्यासाठी त्यांनी नाक तपासायचा छोटा स्पेक्युलम (पोकळी उघडून धरणारे साधन) वापरला आणि योनीतील स्राव काचपट्टीवर पसरून पाहिला. पुढे तीच पद्धत त्यांनी स्त्रियांसाठी वापरली. पत्नी आंद्रोमाखी यांनी वर्षानुवर्षे स्वतःचे नमुने दिले. त्यांच्याशिवाय हे काम उभेच राहिले नसते, असे मला वाटते. अशा नमुन्यांत कर्करोगाच्या पेशी ओळखता येतात, हे पापानिकोलाऊंनी १९२८ मध्ये मांडले, पण कोणी फारसे मनावर घेतले नाही. त्याच सुमारास रुमानियात ऑरेल बाबेश स्वतंत्रपणे तिथवर पोहोचले होते. हर्बर्ट ट्रॉट यांच्यासोबतचा पापानिकोलाऊंचा शोधनिबंध १९४१ मध्ये आला आणि मग चित्र पालटले.

तोवर नमुना काचनळीने योनीतून ओढून घेत. १९४७ मध्ये अर्नेस्ट एअर यांनी खास आकाराची लाकडी पट्टी आणली आणि पेशी थेट गर्भाशयमुखावरून खरवडून घेता येऊ लागल्या. हा बदल मोलाचा होता, कारण दोन प्रकारच्या पेशी जिथे एकमेकींना भिडतात त्या पट्ट्यातच हा कर्करोग बहुधा सुरू होतो. वय वाढते तसा हा पट्टा आत सरकतो आणि लाकडी पट्टी तिथे पोहोचत नाही. म्हणून १९८०च्या दशकात बारीक ब्रश आले.

पेशी वेचल्या तरी काम संपत नाही. काचपट्टीवर त्यांचे थर चढतात, रक्त आणि चिकट स्राव त्यांना झाकतो, अल्कोहोलमध्ये बुडवायला उशीर झाला तर त्या सुकून बिघडतात. शिवाय बऱ्याचशा पेशी लाकडी पट्टीला चिकटून तिच्यासोबतच कचऱ्यात जात. १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या द्रवाधारित पद्धतीत नमुना बाटलीतल्या द्रवात खळबळून घेतात, त्यामुळे हे नुकसान घटले.

दरम्यान, १९८३-८४ मध्ये हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) या विषाणूचे १६ आणि १८ हे प्रकार शोधले. या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के रुग्णांमागे हेच दोन प्रकार असतात. विषाणूच्या चाचणीसाठी स्त्री स्वतःच नमुना घेऊ शकते. स्पेक्युलमच्या धास्तीने तपासणी टाळणाऱ्या असंख्य जणींसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

पेशींच्या चाचणीत जुनी अडचण अजून आहे. नमुना पुरेसा आला का, हे घेणाऱ्याला त्या क्षणी कळत नाही. ‘नमुना अपुरा’ हा शेरा नंतर प्रयोगशाळेतून येतो, आणि तोवर ती स्त्री घरी गेलेली असते. ती अजून तपासणीच्या टेबलावर असतानाच हे कळावे, हे विद्यार्थ्यांसमोरचे खरे काम.