जॅझ क्लब

जॅझ क्लब म्हणजे जॅझ संगीत रोज, किंवा निदान आठवड्यातल्या ठरलेल्या रात्री, श्रोत्यांसमोर थेट वाजवले जाते अशी छोटी जागा. थोडी टेबले, एका बाजूला बार आणि कोपऱ्यात पाच-सहा वादक जेमतेम मावतील एवढा मंच, असा तिचा सर्वसाधारण थाट. ‘क्लब’ या शब्दामुळे सभासदत्वाचा समज होतो, पण बहुतेक ठिकाणी पैसे भरून कोणीही आत जाऊ शकतो. तरीही नेहमीचे श्रोते, वादक, मालक आणि बारमागची माणसे यांचा मिळून एक गोतावळा जमतो. संगीत ऐकून घरी जाणे मोठ्या सभागृहातही होतेच. क्लबात माणूस पुन्हा येतो, आणि तो पुन्हा येणार हे धरूनच तिथले बरेचसे रीतिरिवाज घडले आहेत.

जागा बहुधा तळघरात असते. भाडे कमी आणि आवाज वर कमी जातो, ही त्याची साधी कारणे. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधला ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ हा १९३५ पासून अशाच एका तळघरात आहे. मॅक्स गॉर्डन यांनी तो सुरू केला तेव्हा तिथे कवी, विनोदवीर, लोकगायक यांचीच वर्दळ जास्त होती. निव्वळ जॅझकडे तो १९५७ च्या सुमारास वळला. खोली त्रिकोणी आहे, तिच्या निमुळत्या टोकाला मंच, आणि आत माणसे मावतात १२३. याच खोलीत २५ जून १९६१ या रविवारी पियानोवादक बिल एव्हान्स यांच्या त्रयीचे दुपारी दोन आणि संध्याकाळनंतर तीन असे पाच कार्यक्रम ध्वनिमुद्रित झाले. ते ध्वनिमुद्रण आज ऐकताना पियानोच्या मागे पेल्यांची किणकिण, कुजबूज, मधूनच कोणाचे तरी हसणे स्पष्ट ऐकू येते. समोर काय घडते आहे याची कल्पना त्या दुपारी फार थोड्यांना असावी. अकरा दिवसांनी त्या त्रयीतले बेसवादक स्कॉट लाफारो मोटार अपघातात गेले. ते पंचवीस वर्षांचे होते. स्टुडिओत हेच संगीत कदाचित अधिक स्वच्छ उमटले असते. पण ती किणकिण काढून टाकावी असे आता कोणालाच वाटत नाही.

रात्रीचे वेळापत्रक ‘सेट’मध्ये मोजतात. एक सेट साधारण तासाभराचा, रात्रीतून दोन किंवा तीन. पहिल्याला जेवून आलेली, घड्याळ बघणारी मंडळी असतात. शेवटच्या सेटला उरतात ते दर्दी आणि दुसरीकडचे काम आटोपून आलेले वादक. त्यामुळे अनेक वादक सर्वांत धाडसी वाजवणे शेवटच्या सेटसाठी राखून ठेवतात. आठवड्यालाही असाच चढउतार असतो. शुक्रवार-शनिवार गर्दीचे, सोमवार रिकामा. क्लबाचा स्वभाव ओळखायचा तर सोमवारी जावे, कारण बहुतेक वादकांना त्या रात्री काम नसते आणि ते स्वतःच्या हौसेने जमतात. ट्रम्पेटवादक थॅड जोन्स आणि ड्रमवादक मेल लुइस यांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये मोठा वाद्यवृंद बांधला तो व्हॅनगार्डच्या रिकाम्या सोमवारसाठीच. दिवसा स्टुडिओत पोटासाठी वाजवणाऱ्यांना रात्री मनासारखे वाजवायला मिळावे, एवढाच हेतू होता. जोन्स पुढे डेन्मार्कला गेले, लुइस १९९० मध्ये वारले. वाद्यवृंद नव्या नावाने सोमवार चालवतच राहिला.

क्लबजीवनाचा गाभा जॅम सेशन हा आहे. इथे पूर्वतालीम नसते आणि ठरलेला संचही नसतो. क्लबाचा स्वतःचा ‘हाऊस बँड’, म्हणजे पियानो, बेस आणि ड्रम, आधी दोन-तीन रचना वाजवतो. मग यादीत नाव लिहून बसलेल्यांना एकेक करून वर बोलावले जाते. नवखा सॅक्सोफोनवादक वर येतो, रचनेचे नाव सांगतो, आणि गोंगाटात पट्टी बोटांनी दाखवतो. खाली वळवलेली बोटे म्हणजे तितके कोमल स्वर, वर केलेली म्हणजे तितके तीव्र. तीन बोटे खाली, म्हणजे ई फ्लॅट. कोणीतरी लय मोजून देतो आणि सगळे एकदम उठाव घेतात. आधी मूळ चाल, तिला ‘हेड’ म्हणतात. मग त्याच चालीच्या कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीवर, प्रत्येकाचा उत्स्फूर्त सोलो. शेवटी ड्रमवादकाशी चार-चार ‘बार’ची देवाणघेवाण; बार म्हणजे बहुधा चार मात्रांचा एक खंड. कोणी डोक्यावर थाप मारली की पुन्हा हेड, मूठ वर केली की समाप्ती.

कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात ब्लूजचे आवर्तन बारा बारचे असते, बऱ्याच लोकप्रिय गीतांचे बत्तीस बारचे, आणि आपण त्यात नेमके कुठे आहोत हे वाजवता वाजवता मनात धरावे लागते. नवखा हमखास चुकतो तो इथे. बोटे पळत असतात आणि आवर्तन हातातून निसटलेले असते. चांगला पियानोवादक अशा वेळी नव्या आवर्तनाची पहिली कॉर्ड जरा ठासून वाजवतो. हरवलेल्याला रस्ता सापडतो आणि श्रोत्यांना काही कळतही नाही. या मदतीचा मंचावर उच्चार करायचा नसतो.

बाकीचे संकेत कोणी भिंतीवर लावत नाही, पण मोडले तर लगेच कळतात. सोलो लांबवू नये. दुसऱ्याचा चालू असताना त्याच्यासमोर उभे राहू नये. येत नसलेली रचना येते म्हणून सांगू नये. सगळ्यांत गांजलेला असतो बेसवादक. रांगेत सात सॅक्सोफोन आणि बेस मात्र एकच, त्यामुळे तोच ब्लूज तो अर्धा तास ओढत राहतो. अखेर त्याचा स्वतःचा सोलो आला की नेमके तेव्हाच लोक गप्पा सुरू करतात. हा जॅझमधला सर्वांत जुना विनोद असून तो अजूनही खरा आहे.

जॅम सेशन पूर्वी आजच्याइतके मवाळ नव्हते. कॅन्सस सिटीत टॉम पेंडरगास्ट यांच्या राजकीय वरदहस्तामुळे दारूबंदीच्या काळातही क्लब रात्रभर चालत, आणि वादकांची जुगलबंदी उजाडेपर्यंत रंगे. तिथल्या ‘रेनो क्लब’मध्ये १९३६ च्या सुमारास किशोरवयीन सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर वाजवता वाजवता भरकटला, तेव्हा ड्रमवादक जो जोन्स यांनी आपली झांज त्याच्या पायांशी फेकली, अशी कथा सांगितली जाते. मंच सोडण्याचा तो इशारा होता. पार्करने त्यानंतर झपाटून रियाज केला.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये हेन्री मिंटन यांनी १९३८ मध्ये ‘मिंटन्स प्लेहाऊस’ उघडला. वादकांच्या संघटनेला अशी विनामोबदला वादने मान्य नव्हती, वाजवताना पकडलेल्याला दंड होई. मिंटन स्वतः त्या संघटनेचे प्रतिनिधी राहिलेले असल्याने त्यांच्या जागेला झळ लागली नाही. पुढे व्यवस्थापक टेडी हिल यांनी पियानोवर थेलोनियस मंक आणि ड्रमवर केनी क्लार्क यांना बसवले. सोमवारी अपोलो थिएटरच्या कलावंतांना जेवणही मिळे. कच्च्या वादकांना दूर ठेवण्यासाठी इथे रचना अवघड पट्टीत आणि बदललेल्या कॉर्डवर वाजवत. ‘बीबॉप’ या शैलीच्या जडणघडणीत या रात्रींचा मोठा वाटा आहे. संघटनेतला वशिला, फुकट जेवण आणि नकोशांना हुसकावण्याची युक्ती, इतक्या घरगुती गोष्टींतून एक शैली आकाराला यावी हे गमतीचे आहे.

मंचाखालच्या माणसांबद्दल कमी लिहिले जाते. नेहमीचा श्रोता एकच खुर्ची धरून असतो. तो टाळ्या सोलो संपल्यावर वाजवतो, चाल संपण्याची वाट बघत नाही. ठेका धरलाच तर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. पहिल्या-तिसऱ्यावर टाळी पडली की खोलीत कोण नवीन आहे ते उमगते. अनुभवी बारवाला बर्फ फोडायचा तो ड्रमच्या सोलोत. संथ गीत चालू असताना तो पैसेसुद्धा हळू मोजतो. काही क्लबांत सेट चालू असताना बोलायला मनाई असते, काहींत बोलणे हाच त्या जागेचा प्राण असतो. कोणते बरे, यावर दर्दी मंडळींत कधीच एकमत होत नाही.

पैशाची बाजू मात्र कायम लंगडी. प्रवेशशुल्क, किमान एखादे पेय घेण्याची सक्ती आणि बारचा गल्ला यांवर क्लब चालतो. वादकांना ठरलेली रक्कम किंवा दाराशी जमलेल्या पैशांतला वाटा मिळतो, छोट्या जागी नुसती बरणी फिरते. बहुतेकांचे घर दिवसाच्या शिकवण्यांवर चालते. दारूच्या परवान्यामुळे अनेक ठिकाणी अल्पवयीनांना प्रवेश मिळत नाही, म्हणजे ज्या वयात हे कानावर पडायला हवे त्याच वयात दार बंद. पियानोवादक बॅरी हॅरिस यांनी १९८२ ते १९८७ या काळात न्यूयॉर्कमध्ये चालवलेल्या ‘जॅझ कल्चरल थिएटर’मध्ये दारू विकली जात नसे. वर्ग, जॅम सेशन आणि कार्यक्रम एकाच छताखाली होत आणि मुले बेधडक येत. आर्थिकदृष्ट्या हा आतबट्ट्याचा व्यवहार असतो हे वेगळे सांगायला नको.

सरकारी नियमांनीही या संगीताला आकार दिला आहे. अमेरिकेत १९४४ मध्ये नाच-गाणे असलेल्या रात्रीच्या करमणुकीवर ३० टक्के कर बसला. नुसते वाद्यवादन त्यातून सुटत असल्याने नाचाची जागा काढून टेबले टाकणे मालकांना परवडू लागले. बसून ऐकण्याची सवय वाढायला हेही एक कारण झाले. हा कर पुढे कमी होत होत १९६५ मध्ये गेला. क्लबांना नाच-गाण्यासाठी परवान्याची सक्ती करणाऱ्या न्यूयॉर्क शहराच्या १९२६ च्या कॅबरे कायद्याचा काच त्याहून टिकाऊ ठरला, तो रद्द झाला २०१७ मध्ये. १९४० ते १९६७ या काळात तिथल्या क्लबांत काम करणाऱ्या प्रत्येकाला पोलिसांकडून ‘कॅबरे कार्ड’ घ्यावे लागे. अमली पदार्थांच्या प्रकरणात १९४७ मध्ये शिक्षा झालेल्या गायिका बिली हॉलिडे यांचे कार्ड गेले. १९४८ मध्ये कार्नेगी हॉल त्यांच्या गाण्याला भरून वाहिला, कारण सभागृहाला कार्ड लागत नव्हते. कोपऱ्यावरच्या क्लबात मात्र त्यांना गाता येईना. मंक यांनाही १९५१ नंतर सहा वर्षे हाच वनवास. १९५७ मध्ये कार्ड परत मिळाल्यावर ते सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांना घेऊन न्यूयॉर्कच्याच ‘फाइव्ह स्पॉट’ क्लबात काही महिने वाजवत होते, आणि ऐकणाऱ्यांत वादकांचीच गर्दी असे.

गोतावळा म्हटले की आपलेपणा डोळ्यांसमोर येतो, पण दाराबाहेर कोणाला ठेवले तेही पाहायला हवे. हार्लेमच्याच ‘कॉटन क्लब’मध्ये मंचावर कृष्णवर्णीय कलावंत आणि टेबलांवर गोरे गिऱ्हाईक अशी व्यवस्था होती. ड्यूक एलिंग्टन यांचा वाद्यवृंद १९२७ पासून तिथे वाजवून देशभर पोहोचला, पण त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना आत येता येत नव्हते. बार्नी जोसेफसन यांनी १९३८ मध्ये उघडलेल्या ‘कॅफे सोसायटी’ने मंचावर आणि टेबलांवर, दोन्हीकडे वर्णभेद नाकारला. स्त्रियांच्या बाबतीत अडवणूक कमी उघड होती: गायिकेला स्वागत, वादक स्त्रीला मात्र प्रत्येक नव्या मंचावर स्वतःला पुन्हा सिद्ध करावे लागे. जॅमच्या यादीत आजही बहुतेक नावे पुरुषांची असतात.

अमेरिकेबाहेर क्लबांनी आपापली वळणे घेतली. सॅक्सोफोनवादक रॉनी स्कॉट आणि पीट किंग यांनी ऑक्टोबर १९५९ मध्ये लंडनच्या जेरार्ड स्ट्रीटवर क्लब काढला (१९६५ पासून तो फ्रिथ स्ट्रीटवर आहे). अमेरिकी वादकाला बोलवायचे तर संघटनांच्या नियमाप्रमाणे बदल्यात ब्रिटिश वादक तिकडे पाठवावा लागे. १९६१ मध्ये अमेरिकी सॅक्सोफोनवादक झूट सिम्स आले ते अशाच अदलाबदलीतून. स्कॉट स्वतः निवेदन करीत आणि तेच तेच विनोद वर्षानुवर्षे सांगत. नेहमीची मंडळी ते तोंडपाठ असूनही हसत. ॲमस्टरडॅमचा ‘बिमहाऊस’ १९७४ मध्ये वादकांच्याच संघटनेने उभा केला. जपानमध्ये ‘जॅझ किस्सा’ हा वेगळाच प्रकार रुजला: कॉफी घ्यायची आणि उत्तम ध्वनियंत्रणेवर तबकड्या ऐकायच्या. परदेशी तबकड्या विद्यार्थ्यांना परवडत नसत, तिथे एका कपावर तासन्‌तास बसता येई. वादक नसले तरी तिथली शिस्त अनेकदा खऱ्या क्लबापेक्षा कडक असते.

गोतावळ्याची कसोटी लागते ती आजारपणात. जॅझ वादकांना निवृत्तिवेतन किंवा विमा क्वचितच असतो. कोणी अंथरुणाला खिळला की क्लब एक रात्र त्याच्या मदतीसाठी ठेवतो, सगळे फुकट वाजवतात आणि गल्ला त्याच्या घरी जातो. गेलेल्या वादकासाठीही भाषणे थोडी आणि वादन जास्त असते, बहुधा त्याच्या आवडत्या पट्टीत.

मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे जगभरचे क्लब बंद पडले. काही पुन्हा उघडलेच नाहीत. व्हॅनगार्डने रिकाम्या खोलीतून कार्यक्रम इंटरनेटवर दाखवले. पडद्यावर ते पाहताना खटकत असे ती सोलो संपल्यानंतरची शांतता: वादक सवयीने क्षणभर थांबे आणि टाळी येत नसे. सप्टेंबर २०२१ मध्ये श्रोते पुन्हा जिना उतरून आत आले, आणि सोमवारचा वाद्यवृंदही परतला.