‘बारीक गोळी’मागची पाऊणशे वर्षं

निपाणीकडे विड्या वळण्यात किंवा खानापूरकडे भाताच्या चिखलात उभं आयुष्य गेलेल्या बायका, गुडघे धरले की दुकानातून ‘बारीक गोळी’ आणतात. दोन दिवसांत दुखणं पळतं, भूक लागते, चेहरा भरतो. माझ्या आत्याला तर सगळी गल्ली म्हणायची, तब्येत सुधारली. अशा गोळीत पुष्कळदा स्टिरॉईड असतं आणि चेहरा भरतो तो सुजेने.

१९२९ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांना दिसलं, की सांधेवाताच्या रुग्णाला कावीळ झाली आणि सांधे मोकळे झाले. पुढे गरोदर बायकांतही तेच दिसलं. म्हणजे उतारा शरीरातच कुठेतरी होता. तिथलेच एडवर्ड केंडॉल मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतले पदार्थ वेगळे करत होते. त्यातलाच एक, कॉर्टिसोन नावाचं स्टिरॉईड संप्रेरक, २१ सप्टेंबर १९४८ रोजी २९ वर्षांच्या एका जखडलेल्या बाईला टोचलं. थोड्याच दिवसांत ती चालू लागली. १९५० साली हेंच, केंडॉल आणि याच ग्रंथींवर स्वित्झर्लंडमध्ये काम करणारे राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं.

सांधेवातात रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. हे संप्रेरक तिला आवरतं, पण निवडून नव्हे. लिम्फोसाइट या संरक्षक पांढऱ्या पेशी रक्तातून कमी होतात. न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी मात्र वाढलेल्या दिसतात, कारण रक्तवाहिनीतून जखमेकडे उतरणंच त्यांना जमत नाही. तपासणीच्या कागदावर सैन्य भरपूर, प्रत्यक्षात लढाईला कोणी नाही. ताप चढत नाही, दुखत नाही आणि दबून बसलेला क्षय आत पसरत राहतो. हे धोके पहिल्या काही वर्षांतच कळले होते, म्हणूनच आपल्याकडची विसरभोळी सवय मला जास्त सलते.

२०२० मध्ये डेक्सामेथासोन या स्टिरॉईडने व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटवले. ज्यांना ऑक्सिजनचीच गरज नव्हती, त्यांना काही फायदा दिसला नाही. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या अलीकडे-पलीकडे काळ्या बुरशीने माणसं गाठली. वाढलेली साखर आणि बेहिशेबी स्टिरॉईड ही त्यामागची मोठी कारणं होती.

आत्याला वाचता येतं ते मराठी. दुकानाची पाटी कानडी, पाकिटावरची लाल रेघेजवळची ताकीद इंग्रजी. कळल्यावर ती गोळ्या त्याच दिवशी फेकायला निघाली होती. पण बाहेरून आयतं मिळालं की ग्रंथी स्वतःचं काम सोडतात, अचानक बंद केलं तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकतं. डॉक्टरांनी तिचा डोस पाच आठवडे थोडा थोडा उतरवत नेला.