‘लाय इन’ की ‘स्टेम फ्रॉम’?

ऑफिसच्या मेलमध्ये ‘या अडचणीचं मूळ अमुक गोष्टीत आहे’ असं इंग्रजीत लिहायची वेळ आली की ‘लाय इन’ आणि ‘स्टेम फ्रॉम’ यांतलं जे आधी सुचेल ते लिहून आपण मोकळे होतो. मराठीत ‘मूळ’ म्हटलं की दोन्हीकडे भागतं. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र दोन वेगळ्या गोष्टी कळतात. ‘लाय इन’ म्हणजे दोष नेमका कुठे बसलाय, कुठे हात घातला तर सापडेल. ‘स्टेम फ्रॉम’ म्हणजे तो कशातून उपजला.

अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानाचा अपघात घ्या. २८ जानेवारी १९८६ ला उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यानाचे तुकडे झाले, सातही अंतराळवीर गेले. दोष होता उजव्या बूस्टरच्या, म्हणजे यानाला वर ढकलणाऱ्या रॉकेटच्या, एका सांध्यात. कडाक्याच्या थंडीने ताठरलेल्या रबरी ओ-रिंगला, म्हणजे सांधा बंद ठेवणाऱ्या गोल कडीला, तिथला तप्त वायू अडवता आला नाही. इथे ‘द फॉल्ट ले इन द जॉइंट’ हेच बरोबर. पण तो सांधा मुळात सदोष का होता, आणि धोका दिसत असूनही उड्डाणं का चालू राहिली? उत्तर जुन्या आराखड्यात आणि वर्षानुवर्षं चालवून घेतलेल्या जोखमीत होतं. तिथे हवं ‘स्टेम्ड फ्रॉम’. चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाने हे दोन प्रश्न एकत्र कालवले नाहीत, म्हणूनच तो अहवाल मला मोलाचा वाटतो. अपघाताच्या कारणाचं प्रकरण वेगळं, आणि इतिहासाचं वेगळं. या दुसऱ्या प्रकरणाचं शीर्षक ‘अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट रूटेड इन हिस्टरी’. उगमाबद्दल बोलतानाही ‘रूटेड’ला ‘इन’च लागतं, तेव्हा नुसत्या ‘इन’वरून अर्थ ठरवू नका.

अडलात तर एवढंच विचारा: ती मूळ गोष्ट आज उरली नसली तरी वाक्य खरं राहील का? राहत असेल, तर ‘स्टेम फ्रॉम’.

जबाबदारी माणसांची किंवा संस्थेची असेल तर ‘लाय विथ’. ‘फ्रॉम’ गाळून नुसतं ‘स्टेम’ लिहिलंत तर अर्थ होतो थोपवणं, रक्तस्राव थांबवतात तसं. आणि ‘द प्रॉब्लेम इज लायिंग इन’ टाळाच, साधं ‘लाइज इन’ लिहा. भूतकाळात त्याचं ‘ले’ होतं. ‘लाइड’ म्हणजे खोटं बोलला.