जादा ऑइल टाकलं की एसी जास्त गार? उलट होतं

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांकडे सरकला, की गॅरेजांत गाडीच्या एसीच्या कॉम्प्रेसरबद्दल, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाबद्दल, एक सल्ला हमखास ऐकू येतो: नवा कॉम्प्रेसर बसवतोय ना, मग ५० मिली ऑइल जादाच टाक. यानं गारवा घटतो. जादा ऑइल गॅससोबत फिरून कूलिंग कॉइलच्या आत थर धरतं, कॉइलला उष्णता ओढता येत नाही, प्रेशर चढतं.

बरेच नवे कॉम्प्रेसर अख्ख्या सिस्टिमपुरतं ऑइल भरूनच येतात, आणि जुनं थोडं पाइपांत आणि कंडेन्सरमध्ये (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीत) उरलेलं असतंच. म्हणून जुन्या कॉम्प्रेसरमधलं ऑइल मापात काढा. ७० मिली निघालं, तर नव्यातलं सगळं बाहेर ओतून ७० मिलीच परत भरा. ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा डबा) बदलला तर कंपनीच्या तक्त्याप्रमाणे थोडं वर. ऑइलचा ग्रेड कॉम्प्रेसरच्या लेबलवरचाच. इंजिन ऑइल तर नाहीच नाही. पॅग ऑइल (एसीचं कृत्रिम ऑइल) हवेतला ओलावा शोषतं, डबा उघडा ठेवू नका. कॉम्प्रेसरचा हब (पुढचा फिरता भाग) हातानं दहा-बारा वेळा फिरवा, किमान अर्धा तास व्हॅक्यूम पंपानं आतली हवा-ओलावा ओढून काढा, मगच गॅस.

जुना कॉम्प्रेसर जाम होऊन गेला असेल, तर हे माप फसतं. ऑइल काळं, धातूच्या चुऱ्याचं निघतं. मग ड्रायर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारी झडप) बदला. बारीक नळ्यांचा कंडेन्सर फ्लशनं, म्हणजे आतून धुऊन, साफ होत नाही, तोही नवाच.