रानातला घोयरा आणि पिंजऱ्यातला व्हेल्ड शॅमेलिऑन

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ या म्हणीतला सरडा म्हणजे शॅमेलिऑन नव्हे. तो बागेतला साधा सरडा, डोकं वरखाली करणारा, विणीच्या दिवसांत गळा लाल होणारा. त्याची पाचही बोटं सुटी असतात आणि तो खरोखर धावतो. शॅमेलिऑनच्या पायाची बोटं दोन आणि तीन अशी जुळून चिमटा झालेला असतो. त्या चिमट्याने फांदी धरून तो डुलत डुलत चालतो. धावणं त्याच्या नशिबी नाही. बागेतल्या सरड्याला इथेच सोडू, कारण मुंबईत पहिला शॅमेलिऑन घ्यायला निघालेल्या माणसाचा महागात पडणारा घोळ वेगळ्याच दोघांत होतो.

एक घोयरा. भारतात निसर्गतः आढळणारा हा एकमेव शॅमेलिऑन. सरडगुहिरा हेही त्याचंच नाव. दुसरा व्हेल्ड शॅमेलिऑन, मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्येकडच्या डोंगराळ भागातला. विकणारा दोघांनाही नुसतं ‘शॅमेलिऑन’ म्हणतो आणि मोबाइलवर पाठवलेल्या फोटोत दोघेही हिरवेच दिसतात. पण पहिला घरात ठेवणं हा गुन्हा आहे आणि दुसरा नोंदणी करून ठेवता येतो.

ओळखायचं कसं

प्रौढ जनावर समोर असेल तर डोक्याकडे बघा. व्हेल्डच्या डोक्यावर उंच, बाजूंनी चपटा टोप असतो; नराचा तर ५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. घोयऱ्याचा टोप बुटका, मागच्या बाजूला थोडासा उचललेला. व्हेल्डच्या हनुवटीखाली मोठ्या टोकदार खवल्यांची ठसठशीत झालर असते. घोयऱ्याच्या गळ्याखालून पोटापर्यंत बारीक खवल्यांची पांढुरकी रेघ जाते, झालर म्हणावी असं काही नसतं. व्हेल्ड नराच्या अंगावर पिवळे, हिरवे, तपकिरी उभे पट्टे दिसतात. घोयरा शेपटीसकट साधारण ३५ सेंटिमीटरचा होतो, व्हेल्ड नर ४५ ते ६० सेंटिमीटरचा.

पिलांच्या बाबतीत मात्र हे सगळं फोल ठरतं. व्हेल्डचं दोन महिन्यांचं पिल्लू फिकट हिरवं असतं, टोप जेमतेम दिसतो, पट्टे नसतात. इथे काही विकणारे मागच्या पायाच्या टाचेवरचा काटा दाखवतात आणि सांगतात, ‘हा बघा काटा, म्हणजे व्हेल्डच.’ काट्यावरून व्हेल्डचा नर आणि मादी जन्मापासून ओळखता येतात हे खरं, पण घोयऱ्याच्या नरालाही टाचेवर काटा असतो. त्याचं जुनं शास्त्रीय नाव ‘कॅल्कॅरॅटस’, म्हणजे काटेवाला, ते यावरूनच पडलं होतं. तेव्हा काटा हा जातीचा पुरावा नाही. रंग तर नाहीच. दोघेही रंग बदलतात ते उष्णता, भीती, राग, समोरचा नर किंवा मादी यांच्यामुळे. मागच्या भिंतीला जुळवून घ्यायला नाही.

पिल्लू घेताना म्हणूनच जनावराआधी कागद बघावा.

कागद

घोयरा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहे. पकडणं, बाळगणं, विकणं आणि विकत घेणं, सगळंच बेकायदा. ‘रस्त्यावर सापडला म्हणून आणला’ हा बचाव नाही. सापडला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं, नाहीतर ओळखीच्या सर्पमित्राला बोलवायचं. घोयरा विषारी असतो या समजापोटी गावोगाव तो मारला जातो. तो विषारी मुळीच नाही.

व्हेल्ड परदेशी असला तरी मोकाट नाही. तो ‘सायटीस’ या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांचा समावेश आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत झाला. २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार असा जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर त्याची नोंदणी करायची असते. पुढे तो दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला, तर तेही तिथेच कळवायचं. दुकानाचं बिल म्हणजे नोंदणी नव्हे. २०२० मध्ये केंद्राने परदेशी प्राणी स्वेच्छेने जाहीर करण्याची योजना आणली होती. त्या वेळची कुणा भलत्याच्याच नावाची पावती पुढे केली जाते. ती त्या माणसाची. तुम्हाला हवी आहे ती विकणाऱ्याची चालू नोंद आणि तुमच्या नावावर होणारं हस्तांतर. ‘कागद नंतर देतो’ ऐकलं की उठावं.

कागद ठीक असेल तर जनावर बघा. वय किमान तीन महिने. दोन्ही डोळे भरलेले, दिवसा उघडे आणि वेगवेगळ्या दिशांना फिरणारे. पाय सरळ, पकड घट्ट. समोर किडा सोडायला सांगा आणि जीभ नेम धरून लागते का ते पाहा. दिवसाउजेडी डोळे मिटून बसलेलं शॅमेलिऑन ‘शांत’ नसतं, आजारी असतं. पहिल्यांदा घेत असाल तर नरच घ्या. कारण पुढे येईलच.

घोयऱ्याला कोकणची हवा चालते, मग व्हेल्डला का नाही?

हा प्रश्न हमखास येतो आणि त्यातच निम्मी निगा आहे. घोयरा मे महिन्यातही जगतो, कारण तो जागा बदलतो. सकाळी उन्हात अंग चपटं करून बसतो, दुपारी पानांच्या दाट सावलीत सरकतो, वारा हवा तेव्हा वारा घेतो, पहाटेचं दव चाटतो. पिंजऱ्यातल्या व्हेल्डला हे सगळं ६० बाय ६० बाय १२० सेंटिमीटरमध्ये मिळायला हवं. प्रौढ नरासाठी हे माप किमान समजा. पिंजरा चहूबाजूंनी जाळीचा आणि जमिनीपासून उंच, म्हणजे त्याला वरून खाली बघता येईल असा. काचेची पेटी मुंबईत तरी नकोच. पावसाळ्यात कोंडलेल्या ओल्या हवेत बुरशी धरते, मग छातीचा संसर्ग होतो. मान वर करून तोंड उघडं ठेवणं, श्वासाबरोबर टिकटिक आवाज, तोंडात चिकट लाळ ही त्याची लक्षणं.

दमट हवा आणि पिण्याचं पाणी यांत गल्लत होते. ‘मुंबईत एवढा दमटपणा, फवारा कशाला?’ दमट हवेने कातडी आणि फुप्फुसं सुखावतात, पण पोटात पाणी जात नाही. शॅमेलिऑन वाटीतलं पाणी सहसा ओळखतच नाही. पानावरचे थेंब हलताना दिसले की जीभ काढतो. नर्सरीत मिळतो तो २ लिटरचा हातपंपाचा स्प्रे पुरतो. पहाटे दिवे लागण्याआधी दोन मिनिटं आणि रात्री दिवे गेल्यावर दोन मिनिटं बारीक फवारा, शिवाय दुपारी १५ ते २० मिनिटं वरून थेंब थेंब गळणारी बाटली. जुलै-ऑगस्टमध्ये हवाच चिंब असते तेव्हा फवारा अर्ध्यावर आणा, थेंबांची बाटली मात्र बंद करू नका. सकाळचं पाणी दुपारपर्यंत वाळलं पाहिजे. वाळत नसेल तर वारा कमी पडतोय. पंखा खोलीत फिरता ठेवा, पिंजऱ्यावर रोखू नका. पाणी पुरतं का हे विष्ठेवरून कळतं: तिच्यासोबतचा युरेटचा, म्हणजे घट्ट झालेल्या लघवीचा, गोळा पांढरा असेल तर ठीक, गडद पिवळा किंवा नारिंगी असेल तर कमी पडतंय. डोळे आत गेले म्हणजे उशीर झाला.

तशीच गल्लत दिव्यांची. ऊब देणारा दिवा आणि यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण, देणारी ट्यूब ही दोन वेगळी कामं आहेत. यूव्हीबी नसेल तर अंगात डी३ जीवनसत्त्व तयार होत नाही, डी३ नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम वाया जातं, आणि मग हाडं मऊ पडतात. कोपरं वाकडी होतात, जबडा लवचीक होतो, जीभ बाहेर राहते. ट्यूब सरळ टी५ हाय आउटपुट, ५.० किंवा ६ टक्क्यांची. वळणदार छोट्या बल्बचा पट्टा फार अरुंद पडतो. ती जाळीच्या वर ठेवा आणि बसायची काठी जाळीपासून २० ते २३ सेंटिमीटर खाली बांधा. ट्यूब पेटत असली तरी वर्षाने बदला. उजेड टिकतो, यूव्हीबी घटतं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन यात धरू नका, काच यूव्हीबी अडवते. गॅलरीतलं सकाळचं खरं ऊन मात्र उत्तम: १५-२० मिनिटं, जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागावर सावली ठेवून. नुसतं कुंडीतल्या झाडावर सोडाल तर कावळे वाट बघतच असतात.

उबेच्या जागेचं तापमान नराला २९-३०, मादीला २७, पिलांना २७-२८ अंश पुरे. आता एप्रिलमधली दुपार डोळ्यांपुढे आणा. खोलीच ३३ अंशांवर असेल तर उबेचा दिवा सरळ बंद ठेवायचा, ट्यूब तेवढी १२ तास चालू. खरी पंचाईत रात्रीची आहे. मुळच्या डोंगरात रात्र गार असते. व्हेल्डला रात्री १८ ते २२ अंश मानवतं, आणि मे महिन्यातल्या मुंबईची रात्र २७-२८ च्या खाली उतरत नाही. त्या दिवसांत एसी लावायची तयारी नसेल तर हा प्राणी घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. एसीचा झोत पिंजऱ्यावर नको आणि एसीने हवा सुकते म्हणून रात्रीचा फवारा थोडा वाढवा. जानेवारीत यातलं काहीच लागत नाही. मुंबईत व्हेल्ड आणायचा तर तेव्हा आणावा.

खाणं, झाडं, अंडी

घोयरा बहुतेक किड्यांवरच जगतो. व्हेल्ड पानंही खातो, आणि यामुळे झाडांची निवड बदलते. जास्वंद, मनी प्लांट, अंब्रेला प्लांट चालतात. कण्हेर, रुई आणि चीक असलेलं शेर नकोत. नर्सरीतून आणलेलं रोप दोनतीनदा चांगलं धुऊन काही आठवडे वेगळं ठेवा. त्यावर औषध फवारलेलं असतंच असं समजा.

किड्यात क्रिकेट (रातकिडे), डुबिया झुरळं, रेशमाच्या अळ्या. किडा जनावराच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. पिलांना दिवसातून दोनदा मिळून २० च्या आसपास बारीक किडे. एक वर्षावरच्या नराला दिवसाआड चार-पाच. आधी २४ तास किड्यांना गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला खाऊ घाला. पालक टाळा, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. देताना किडे डी३ नसलेल्या कॅल्शियमच्या भुकटीत घोळवा. डी३ आणि जीवनसत्त्व अ असलेली भुकटी महिन्यातून दोनदाच. घरातलं झुरळ पकडून कधीच देऊ नका. सोसायटीत पेस्ट कंट्रोल केव्हा झालं, शेजाऱ्यांनी कपाटामागे कुठलं जेल लावलं, हे झुरळाच्या पोटात काय आहे ते बघून कळत नाही. तुमच्याच घरी फवारणी असेल तर पिंजरा त्या दिवशी दुसरीकडे हलवा.

आता नरच का घ्यावा ते. व्हेल्डची मादी पाच-सहा महिन्यांपासून नर नसतानाही अंडी धरते, एका खेपेला २० ते ८०. जागा मिळाली नाही तर ती अडतात आणि मादी मरते. म्हणून मादी असेल तर पिंजऱ्यात कायम एक डबा हवा: ३० सेंटिमीटर लांब-रुंद, आत २० सेंटिमीटर खोल ओली वाळू-माती, बोटाने बोगदा केला तर ढासळणार नाही इतपत ओली. ती खणू लागली की पिंजऱ्यावर चादर टाका आणि बघायला जाऊ नका. कोणी बघतंय असं वाटलं तर ती काम अर्धवट सोडते. खाणं कमी आणि उबेची जागा थंड ठेवली की अंड्यांची संख्याही कमी राहते, मादीला २७ अंश सांगितले ते म्हणूनच.

दोन शॅमेलिऑन एका पिंजऱ्यात नकोत. आरसाही नको. हाताळणं आठवड्यातून एकदा पुरे, तेही तो स्वतःहून हातावर चढला तर. सरपटणारे प्राणी तपासणारा पशुवैद्य आधी शोधून ठेवा आणि आणल्यावर पंधरा दिवसांत विष्ठा जंतांसाठी तपासून घ्या.

व्हेल्ड नकोसा झाला म्हणून आरेत किंवा नॅशनल पार्कात सोडू नका. फ्लोरिडा आणि हवाईत असेच सुटलेले व्हेल्ड रुजले आणि आता तिथली डोकेदुखी झाले आहेत. इथे तो घोयऱ्याच्याच फांदीवर जाऊन बसेल, आपले परजीवी घेऊन. पोर्टलवर हस्तांतर नोंदवून दुसऱ्याला देता येतो.

पिंजऱ्यातून निसटला तर दिवसा शोधून डोळे शिणवू नका. अंधार पडल्यावर टॉर्च घ्या. झोपलेल्या शॅमेलिऑनचा रंग फिकट पडतो आणि पानांत तो उजेडाने चटकन दिसतो. आधी पडद्याच्या दांड्या बघा, मग ग्रिलवरचे वेल, मग खालची झाडं, नेहमी वरच्या फांद्यांपासून. ठाणे-रायगडच्या बाजूला, रानाला लागून राहत असाल तर टॉर्चमध्ये दिसलेल्याचा टोप एकदा नीट पाहा. बुटका असेल तर हात लावू नका, तो तुमचा नाही.