नळीत सोडा आणि डोकं खाली घाला

युक्रेनमधल्या चित्रफिती बघताना सगळ्यांची नजर ड्रोनवर खिळते. ‘युद्धाचं स्वरूपच पालटलं’ अशा चर्चा झडतात. पण त्याच चित्रफितींत खंदकाच्या कोपऱ्यात दोन पायांवर टेकवलेली एक नळी दिसते. सैनिक वरून तीत गोळा सोडतो, डोकं खाली घालतो आणि बार उडतो. ही उखळी तोफ मुळात १९१५ची, आणि तिचं काम करण्याचं तंत्र आजही तेच आहे.

पहिल्या महायुद्धात, १९१४च्या अखेरीस, पश्चिम आघाडीवर दोन्ही बाजूंचे सैनिक खंदक खणून जमिनीत शिरले आणि पायदळाची पंचाईत झाली. बंदुकीची गोळी जवळजवळ सरळ जाते. पुरुषभर खोल खंदकात बसलेल्याला ती लागणार कशी? तोफखाना खूप मागे, आणि समोरचा खंदक शंभर मीटरवर असला तर तोफेचा गोळा आपल्याच माणसांवर पडायची धास्ती. २८ ऑक्टोबर १९१४ला फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेलवर आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, दोन कंपन्या ४७व्या शीख पलटणीसोबत चालून गेल्या, त्या उघड्यावरून, संगिनी घेऊन. गाव हाती आलं, पण टिकलं नाही. सॅपर्सचे जवळजवळ सगळे अधिकारी ठार किंवा जखमी झाले.

जर्मनांकडे ‘मिनेनवेर्फर’ नावाच्या उखळी तोफा होत्या, पण त्या जड. इंग्रजांची अडचण सोडवली ती इप्सविचच्या एका क्रेन कारखान्याच्या प्रमुखाने, विल्फ्रेड स्टोक्सने. त्याने एक साधी, हलकी उखळी तोफ बनवली. युद्धखात्याने आधी त्याला नकारच दिला. पुढे ब्रिटिश मंत्री लॉइड जॉर्ज यांनी लक्ष घातलं, तेव्हा ती स्वीकारली गेली.

स्टोक्सच्या नळीत घोडा नाही, झडप नाही. तळाशी एक पक्की बसवलेली सुई, एवढंच. गोळ्याच्या बुडाशी शिकारी बंदुकीच्या काडतुसाएवढं काडतूस. गोळा स्वतःच्या वजनाने घसरतो, काडतुसाची टोपी सुईवर आपटते, दारू पेटते आणि गोळा आल्या वाटेने परत जातो. गंमत आहे ती गोळा आणि नळी यांच्यामधल्या फटीत. गोळा नळीत घट्ट बसला, तर खालची हवा कोंडेल आणि तो तोंड दाबलेल्या सायकलपंपाच्या दट्ट्यासारखा अडेल. फट जास्त ठेवली, तर स्फोटाचा वायू तिथूनच निसटेल आणि पल्ला घटेल. शिवाय नळी जवळपास उभी, त्यामुळे धक्का तळपाटावाटे थेट जमिनीत जातो. म्हणून ना चाकं लागतात, ना धक्का जिरवणाऱ्या स्प्रिंगा.

आता थोडं गणित. हवेचा रोध सोडला तर पल्ला म्हणजे वेगाचा वर्ग गुणिले दुप्पट कोनाचा साइन, भागिले गुरुत्वत्वरण. वेग सेकंदाला ८५ मीटर धरला तर ४५ अंशांवर सुमारे ७३५ मीटर मिळतात. ७५ अंशांवर त्याच्या निम्मे, आणि १५ अंशांवरही तेवढेच! कारण १५० आणि ३० या दोन्ही अंशांचा साइन अर्धाच. पण १५ अंशांचा गोळा जमिनीलगत येतो आणि खंदक ओलांडून जातो. ७५चा जवळजवळ उभा आत पडतो. त्याला लागतात सुमारे १७ सेकंद. मिनिटाला २५ गोळे सोडले, तर पहिला पडेपर्यंत सहासात हवेत असतात.

इतका मंद गोळा डोळ्यांना दिसतो. खंदकांत यासाठी पहारेकरी नेमत. तो शिट्टी वाजवी आणि बाकीचे पळत. ‘आपलं नाव लिहिलेली गोळीच आपल्याला लागते’ असं मानणारे आणि ताईत बाळगणारे सैनिकही तिथे होतेच. पण ताईत काही शिट्टी वाजवत नाही.

स्टोक्सच्या गोळ्यात एक खोट होती. नळीला आतून गोळ्याला फिरकी देणारे आटे नाहीत, गोळ्याला पंख नाहीत, म्हणून तो हवेत कोलांट्या खात जाई. नाकावर पडेल याची खात्री नाही, म्हणजे नाकावरचा साधा फ्यूज (गोळा फोडणारी कळ) निरुपयोगी. सुरुवातीला वेळेवर फुटणारा फ्यूज बसवला, नंतर कुठल्याही बाजूने आपटला तरी फुटेल असा. युद्धानंतर फ्रान्समध्ये एद्गार ब्रांतने गोळ्याला पाण्याच्या थेंबासारखा आकार आणि मागे पंख दिले, तेव्हा कुठे तो नाक पुढे करून सरळ जाऊ लागला.